कांद्याचा ज्वालामुखी आणि कोबेचा तवा

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनात राहून आले. नातवाच्या वाढदिवसाला सगळे एका ‘हिबाची’त जेवायला गेलो. टेबलाच्या मधोमध भलामोठा तवा, भोवती आम्ही आणि चार अनोळखी माणसं. शेफने कांद्याच्या चकत्यांचा मनोरा रचून पेटवला, अंडं उलथन्यावर नाचवलं, कोळंबीचं शेपूट उडवून टोपीत झेललं. नातू खूश, जेवणही छान. पण जावई म्हणाले, ‘जपानात असलं काही नसतं, हे अमेरिकन लोकांनी काढलेलं सोंग आहे.’ खरं काय? (एक वाचक, सातारा)

उत्तर : जावयांचं म्हणणं निम्मं खरं आहे. तवा जपानी आहे, खेळ अमेरिकेत वाढला. पण तो तिथे वाढवणारा माणूसही जपानीच होता, म्हणून ‘सोंग’ हा शब्द मला अन्यायाचा वाटतो.

या जेवणाचं जन्मगाव कोबे. महायुद्ध संपलं त्याच वर्षी, १९४५ मध्ये, शिगेजी फुजिओका यांनी तिथे ‘मिसोनो’ हे रेस्टॉरंट काढलं. गिऱ्हाइकासमोर लोखंडी तव्यावर स्टेक भाजून देण्याची पद्धत आपणच सुरू केली, असं मिसोनो आजही अभिमानाने सांगतं. जपानी लोकांना असा तवा नवा नव्हता. कोबी आणि पिठाचं ओकोनोमियाकी हे धिरडं त्यावर होतच असे. त्याच तव्यावर मांसाचा जाड तुकडा आला आणि तोही बसल्या जागी पाहता यायला लागला, हे नवं होतं. तेव्हा जपानात अमेरिकन सैन्य होतं. स्टेक हा त्यांच्या आवडीचा पदार्थ, आणि सुरी-उलथन्याची चपळाई पाहायला भाषा लागत नाही. या पद्धतीला तेप्पान्याकी म्हणतात. तिच्यावर परदेशी पाहुणे पहिल्यापासून जास्त लोभावले, आणि पुढचा सगळा इतिहास त्या लोभातून घडला.

आता टोक्योतलं आओकी कुटुंब. वडील युनोसुके आओकी यांनी युद्धानंतर एक छोटं कॉफीचं दुकान काढलं आणि त्याला नाव दिलं ‘बेनिहाना’, म्हणजे करडईचं लाल फूल. सोलापूर-मराठवाड्यात तेलासाठी पिकणारी करडई तीच. जपानात तिच्या फुलांपासून लाल रंग काढत. मुलगा हिरोआकी, जन्म १९३८ चा, कुस्तीगीर होता. कुस्तीच्याच निमित्ताने तो अमेरिकेत गेला आणि तिथेच राहिला. तिकडे सगळे त्याला ‘रॉकी’ म्हणत. रॉकीने न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात गाडीवरून आइस्क्रीम विकलं, सोबत हॉटेल व्यवस्थापन शिकलं, पैसे साठवले, आणि १९६४ मध्ये मॅनहॅटनच्या पश्चिमेकडच्या ५६ व्या रस्त्यावर चार टेबलांचं ‘बेनिहाना ऑफ टोक्यो’ उघडलं. पहिले काही महिने फारसं कोणी फिरकलं नाही. मग ‘हेरल्ड ट्रिब्यून’च्या क्लेमेंटाइन पॅडलफर्ड या खाद्यसमीक्षिकेने भरभरून लिहिलं आणि बाहेर रांगा लागल्या.

रॉकीने हेरलेली गोष्ट साधी होती. त्या काळातला सर्वसाधारण अमेरिकन माणूस कच्च्या माशाला आणि अनोळखी रश्श्यांना बिचकायचा. पण बीफ, चिकन आणि कोळंबी त्याच्या रोजच्या ताटातली. तेव्हा पदार्थ ओळखीचे ठेवायचे आणि ते शिजवण्याची रीत जपानी ठेवायची. पदार्थ ओळखीचे असल्यामुळे लोक निर्धास्तपणे आत आले, आणि रीत नवी असल्यामुळे पुन्हा पुन्हा आले. उडती कोळंबी, नाचणारं अंडं, पेटता कांदा हे सगळं त्या रीतीवर हळूहळू चढत गेलं. मुलांना घेऊन येणाऱ्या कुटुंबांनी ते डोक्यावर घेतलं. रॉकी आओकी २००८ मध्ये वारला, पण तोवर त्याचा नमुना अमेरिकेतल्या लहान-लहान गावांपर्यंत पोचला होता. तुम्ही गेलात त्या भागात तर हे जेवण आता स्थानिक म्हणावं इतकं रुळलं आहे. सोबत मिळालेला फिकट गुलाबी ‘यम यम सॉस’ आठवत असेल. तो मेयोनेजचा असतो आणि जपानात त्याला कोणी ओळखत नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडे मात्र त्याच्यावाचून लोकांना हिबाची अपुरी वाटते.

नावाचा तेवढा घोळ आहे. जपानात हिबाची म्हणजे राखेत निखारे ठेवलेलं भांडं. त्यावर हात शेकायचे, फार तर किटली ठेवायची. टोक्योत जाऊन ‘हिबाची कुठे मिळेल’ असं विचारलंत तर जुन्या वस्तूंच्या दुकानाचा पत्ता मिळण्याची शक्यता जास्त. तिथे ‘तेप्पान्याकी’ म्हणा.

प्रश्न : तो तवा इतका जाड का असतो? आणि कांदा भडकतो तेव्हा छताला आग कशी लागत नाही? (एक विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : तवा साधारण पाऊण ते एक इंच जाडीच्या पोलादाचा असतो, आणि सगळी करामत त्या जाडीत आहे. पातळ तव्यावर गार कोळंबी टाकली की तवा लगेच थंडावतो. कोळंबीचं पाणी सुटतं, ते उडून जात नाही आणि कोळंबी आपल्याच पाण्यात शिजते. पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, आणि खमंग तपकिरी रंग तर साधारण १४० अंशांच्या पुढे येऊ लागतो. जाड पोलादात उष्णतेचा साठा एवढा असतो की आठ जणांचं मांस एकदम पडलं तरी तवा फारसा हलत नाही. सुटलेलं पाणी तिथल्या तिथे वाफ होऊन जातं आणि पृष्ठभाग भाजू लागतो. चुर्रर्र आवाज टिकून राहिला तर समजावं, भाजणं चालू आहे. आवाज मऊ पडून बुडबुडे दिसू लागले, तर ते उकडणं झालं.

दुसरी गोष्ट, तवा सगळीकडे सारखा तापत नाही. आच मधोमध असते, कडा कोमट राहतात. मुंबईतला पावभाजीवाला भाजी मध्ये रटरटत ठेवतो आणि झालेली कडेला ओढतो. हिबाचीचा शेफ नेमकं तेच करतो. पुढच्या वेळी त्याच्या हाताकडे नीट पाहा. कांदा आणि झुकिनी आधी पडतात, कारण त्यांना वेळ लागतो. मग ती कडेला सरकतात. भात आणि अंडं मधल्या पट्ट्यात. चिकन लवकर चढतं, कारण ते आतपर्यंत पूर्ण शिजलंच पाहिजे. कोळंबी सर्वांत शेवटी, कारण तिला एका बाजूला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. ती पांढरट-गुलाबी होऊन अर्धगोल वळली की झाली. पुरती वेटोळं होईपर्यंत तव्यावर राहिली तर चिवट होते. स्टेक कोणाला कमी भाजलेला हवा, कोणाला जास्त, हेही तो एकीकडे लक्षात ठेवत असतो. आठ माणसांचे तीन-चार वेगवेगळे पदार्थ गरमागरम, जवळपास एकाच वेळी ताटात पडतात, ही त्या माणसाची खरी कसोटी. अंडं नाचवणं त्यामानाने सोपं आहे.

आता कांदा. चकत्या सुट्या करून मोठीवर लहान अशा रचतात. मधल्या पोकळीत थोडं तेल आणि वरून कडक मद्याची पिचकारी. मद्यार्क ७८ अंशांना उकळतो आणि तवा त्याच्या कितीतरी पुढे तापलेला, त्यामुळे पडताक्षणी त्याची वाफ होते. पेटते ती ही वाफ. मनोरा धुराड्याचं काम करतो म्हणून ज्वाळा सरळ उंच जाते. पण इंधन असतं जेमतेम चमचा-दोन चमचे. ते जळून गेलं की ज्योत आपोआप विझते, कांद्याला नुसती धग लागते. टेबलाच्या वर धूर ओढून घेणारं यंत्रही असतं. तरीही ही खरी आग आहे. लहान मुलांना मागे सरकवून बसवावं, लांब केस बांधावेत, ओढणी किंवा पदर आवरून घ्यावा. शेफ बाटली हातात घेतो तेव्हा फोटोसाठी पुढे वाकणारी माणसं पाहिली की माझा जीव वरखाली होतो.

प्रश्न : एमबीएच्या वर्गात बेनिहानाची केस शिकलो. पण स्वयंपाकघर गिऱ्हाइकाच्या टेबलावर आणून नेमका फायदा कसा होतो, ते नीट उमगलं नाही. (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : हार्वर्ड बिझनेस स्कूलची ही केस १९७२ ची आहे आणि इतकी वर्षं जगभर शिकवली जाते, ते उगीच नाही. न्यूयॉर्कसारख्या शहरात हॉटेलवाल्याचा जीव दोन खर्चांत जातो, जागेचं भाडं आणि पगार. एरवी हॉटेलची साधारण ३० टक्के जागा स्वयंपाकघर आणि कोठारात जाते. तिथे पैसे देणारं गिऱ्हाईक बसत नाही. बेनिहानात हा हिस्सा २२ टक्क्यांवर आला, कारण शिजवणं पुढच्या दालनात होऊ लागलं. एक शेफ आणि एक वाढणारी बाई अशी जोडी दोन टेबलं सांभाळायची. मेनूत मोजके पदार्थ, त्यामुळे साठवण कमी आणि नासाडीही कमी.

अनोळखी माणसं शेजारी बसवतात त्याचं कारणही हेच. टेबल आठांचं, शेफचा फेराही आठांचा. चौघांसाठी तवा तापवला तर निम्मा वेळ आणि निम्मी आच वाया. म्हणून आठ माणसं जमेपर्यंत तुम्हाला बारमध्ये बसवतात, आणि तिथेही पेयांची विक्री होतेच. जेवणाचा वेग शेफ ठरवतो. शेवटचा पदार्थ वाढून, तवा पुसून, वाकून नमस्कार करून तो गेला की लोक आपसूक उठतात. ‘बिल आणू का’ असं कोणाला विचारावं लागत नाही.

केसमध्ये सहसा न येणारी एक बाजू मला महत्त्वाची वाटते. पडद्यामागे शिजवणारा माणूस थकलेला असला, शिळं वापरत असला, हात न धुता काम करत असला तरी गिऱ्हाइकाला कळत नाही. इथे सगळं डोळ्यांसमोर. कच्ची कोळंबी ताटलीत कशी आली, चिकनचे चिमटे भाताला लागले का, हे तुम्ही स्वतः पाहता. इतक्या उघड्यावर रोज काम करणं सोपं नाही. बेनिहानाचे सुरुवातीचे शेफ जपानातून शिकून येत. आज अमेरिकेतल्या हिबाचींत तव्यामागे चिनी, इंडोनेशियन, फिलिपिनो, मेक्सिकन अशी कितीतरी स्थलांतरित माणसं उभी असतात. धगीजवळ तास न् तास उभं राहायचं आणि प्रत्येक टेबलाला पहिलाच प्रयोग असल्यासारखं हसायचं. व्यवस्थापन शिकणाऱ्यांनी केसमध्ये ही मेहनतही मोजावी असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : शेफने झुकिनीचे तुकडे उडवून आमच्या तोंडात टाकायचा प्रयत्न केला. दोन खाली पडले. मला ते फार खटकलं. आपल्याकडे पानात टाकलेलंसुद्धा चालत नाही. मी जुन्या वळणाची आहे का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. तुम्हाला खटकलं ते योग्यच आहे, आणि जपानी आजीबाईंनाही ते खटकलं असतं. अन्न वाया घालवणं जपानात फार वाईट समजतात. वाटीत भाताचं शीतही ठेवू नये, असं तिथल्या घरांत मुलांना शिकवतात. खाणाऱ्याच्या तोंडाकडे घास उडवणं ही अमेरिकेतली भर आहे. सुरीचा ठेका, अंडं कडेवर फोडणं, तुकडे एकसारखे कापणं यांत कसब आहे आणि त्यात काही वाया जात नाही. उडवलेल्या घासाला मात्र माझंही मत नाही. शिवाय लहान मुलाच्या तोंडात असा तुकडा घशाशी अडकू शकतो, म्हणून मुलांच्या बाबतीत तर नकोच.

शेफला हसून हात हलवून ‘नको’ म्हटलं की तो लगेच थांबतो. काही ठिकाणी साके ही तांदळाची दारू पिचकारीने थेट तोंडात देतात. तिथेही तसंच करावं. त्यात कोणाचा अपमान होत नाही.

प्रश्न : ऑक्टोबरात जपानला सहलीला चाललो आहोत. तिथे हे अनुभवता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तवा भेटेल, आतषबाजी बहुतेक नाही. चांगल्या तेप्पान्याकीच्या काउंटरवर शांतता असते. शेफ आधी लसणाचे पातळ काप तेलात मंद परततो, सोनेरी होताच बाजूला काढतो. मग मांस दाखवून घेतो, भाजतो, चॉपस्टिकने उचलता येतील असे चौकोनी तुकडे करून चार-चार वाढतो. सोबत मीठ, मिरपूड, वसाबी. सुटलेल्या चरबीत मोड आलेली कडधान्यं परततात आणि शेवटी लसूणभात. कोबे बीफ हे ह्योगो प्रांतातल्या ताजिमा वंशाच्या जनावरांचं असतं आणि ते खूप महाग असतं. ज्यांना गोमांस चालत नाही त्यांनी बुकिंग करतानाच मासे-कोळंबीचा बेत विचारून घ्यावा.

मी मात्र तुम्हाला स्वस्तातला तवा सुचवेन. ओसाका किंवा हिरोशिमाला ओकोनोमियाकीच्या दुकानात जाऊन काउंटरवर बसा. ओसाकात सगळं पिठात कालवून टाकतात. हिरोशिमात पातळ धिरड्यावर कोबीचा ढीग, नूडल्स, अंडं असे थर चढवतात. जपानी माणूस सुटीच्या दिवशी मित्रांबरोबर खातो तो हा तवा. मिसोनोही कोबेत अजून आहे. त्या बाजूला गेलात तर बाहेरून तरी पाहून या.

प्रश्न : आम्ही शाकाहारी. न्यू जर्सीत मुलाचे मित्र हिबाचीत बोलावतात. जावं का? गेलो तर काय मागावं? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो. उत्तर तुमचं शाकाहारीपण किती काटेकोर आहे त्यावर आहे. एकाच तव्यावर, त्याच उलथन्याने, शेजारच्याचा स्टेक आणि तुमचं टोफू भाजलं जाणार, हे धरून चाला. ते अजिबात चालणार नसेल तर न जाणंच बरं. उगाच मन मारून बसू नका.

थोडं चालत असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा. बरीच ठिकाणं शाकाहारी पदार्थ मागच्या स्वयंपाकघरात वेगळ्या भांड्यात करून देतात. नाहीतर तुमचं सर्वांत आधी, नुकत्या घासलेल्या तव्यावर करायला सांगा. तवा तापलेला असताना त्यावर पाणी ओतून पात्याने खरवडतात, तेव्हा तो बऱ्यापैकी स्वच्छ होतो. सगळ्यांत उत्तम म्हणजे ओळखीतली आठ माणसं जमवून आख्खं टेबल घेणं, म्हणजे तव्यावर काय पडेल हे तुमच्या हातात राहतं.

नजरेतून सुटणाऱ्या जागा सांगतो. सुरुवातीला येणारं पातळ, मशरूमच्या चकत्या तरंगणारं सूप दिसायला निरुपद्रवी असतं, पण ते बहुधा चिकन किंवा बीफच्या पाण्यात केलेलं असतं. मिसो सूपमध्ये सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क असतो. परतलेल्या भातात अंडं असतंच, ‘अंड्याशिवाय’ असं स्पष्ट सांगावं लागतं. यम यम सॉसच्या मेयोनेजमध्येही अंडं. नूडल्सबद्दल विचारावं. तेरियाकी सॉसमध्ये मिरीन ही तांदळाची गोड वाइन असू शकते. सालडवरचं आल्याचं ड्रेसिंगही विचारूनच घ्यावं. जैन मंडळींना तर कांदा-लसूण टाळणं तिथे फार अवघड, कारण लसणाचं बटर जवळपास सगळ्यावर पडतं. कोणाला कोळंबीची, तिळाची किंवा सोयाची ॲलर्जी असेल तर सामाईक तव्यावर धोका पत्करू नये.

मागण्यासारखं पुष्कळ आहे. टोफू जाड कापून दोन्ही बाजूंनी करकरीत करायला सांगा. झुकिनी, मशरूम, ब्रोकोली, गाजर त्या धगीवर फार सुरेख होतात, आणि अंड्याशिवाय भातावर तीळ-सोया सॉस मारला की पोटभर जेवण होतं. दुपारच्या वेळी त्याच जेवणाचे दर बहुतेक ठिकाणी कमी असतात.

बिल देताना एवढं करा. अमेरिकेत टिप साधारण १८ ते २० टक्के देण्याची रीत आहे. काही ठिकाणी ती वाढणारा आणि शेफ यांच्यात वाटली जाते, काही ठिकाणी शेफला वेगळी द्यावी लागते. तेव्हा निघण्याआधी विचारून घ्या, आणि तुमच्यासाठी तवा घासून वेगळं शिजवणाऱ्या माणसाच्या हातात त्याचा वाटा पोचेल असं पाहा.